एकशे एकतिसावी ओळ

वलगाव
९ नोव्हेंबर २०२४

चि. प्रणाली,

नाई वं पोरी, जाळली नाई. कोन सांगतलं तुले मी जाळली म्हनून? शेजारच्या नितेशनं फोन माह्या कानाले लावला त तुहा आवाज असा आला का कोनी पिंपात बसून बोलून राह्यलं. "वही... वही..." एवढंच समजलं. मंग तो पोट्टा माह्या कानात ओरडला, "काकू, ताई विचारते, मामाची वही जाळली काय?" भिंतीपल्याड पंचफुला भांडे घासून राह्यली होती. आता गावभर झालं असन का पार्वताबाई मेलेल्या नवऱ्याच्या वह्या जाळते. म्हनून कागद घेतला. कागदावर मले सारं आयकू येते.

तुह्या मामाचे कपडे देऊन टाकले, चपला देल्ल्या, चष्मा बी देल्ला. वही देल्ली नाई. पेटीच्या तळाशी होती, डांबरगोळ्यायसंगं. मशीन बी हाय तठीच, खिडकीपाशी. माह्या जुन्या लुगड्याचा तुकडा टाकून झाकेल. वर्साले एकदा धूळ झटकतो, पन तुकडा काढत नाई.

तीस वर्सं कॉलेजच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यायसाठी दिवे लावले अन काचा पुसल्या त्यायनं. रिटायर झाल्यावर लोक पंखा आन्ते, कूलर आन्ते. ह्यायनं कॉलेजनं भंगारात काढेल मशीन आनलं, उजेड मोजाचं. मी म्हनलं, "उजेड मोजून कोनाले देता आता?" त हासले. मंग सुरू झालं येड. खारपानपट्ट्यातल्या एकेका गावच्या विहिरीचं पानी आना, आटवा, खाली राह्यलेलं मीठ स्पिरिटच्या ज्योतीत धरा, अन त्या उजेडाच्या रेघा मोजा. आमच्या घरात तवा खाले मीठ कमी अन मोजाले जास्त होतं.

नितेश सांगे, तू बी तसंच काई करून राह्यली कंपुटरवर. फुकट. कोनासाठी तेई मालूम नाई. बरोबर हाय, भाची कोनाची!

वही स्पीड पोस्टानं पाठवून राह्यली. पोस्टातल्या बाईनं पिनकोड विचारला, मी एका दमात सांगतला. ती पाहतच राह्यली. मी सातवी शिकेल, पन आकडा एकदा नजरेखालून गेला का जात नाई बापा. रेशनकार्डाचा, गॅसच्या पुस्तकाचा, ज्या यष्टीत बसली तिचा बी नंबर मी ध्यानात ठेवतो. उगाच, खेळ म्हनून.

वही वापस पाठवजो. अन वाचता वाचता हासू आलं त मले सांगजो, एकटी हासू नोको.

तुही मामी,
पार्वता


अकोला
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय मामी,

वही मिळाली. उघडली तशी डांबरगोळीचा वास आला आणि त्याच्या मागून मामाच्या खोलीचा, स्पिरिटचा. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी तुमच्याकडे राहिले, तेव्हा मामानं मला एकदा त्या मशीनमधून मिठाची पिवळी रेघ दाखवली होती. मी म्हटलं होतं, "एवढीच?" आता शरम वाटते.

मी फुकट काय करते ते सांगते. जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी एक लायब्ररी आहे. पुस्तकांची नाही, तयार गणितांची. आपण आकडा द्यायचा, ती उत्तर देते. ती कोणाच्या मालकीची नाही. कोणीही वापरावी, कोणीही भर घालावी. फक्त आपली भर आत जाण्याआधी जुनी जाणती माणसं ती तपासतात.

उजेडाची रेघ कोणी लाटेच्या लांबीनं मोजतं. कोणी एका सेंटिमीटरमध्ये किती लाटा बसतात ते मोजतं, त्याला तरंगसंख्या म्हणतात. कोणी ऊर्जेत मोजतं. या मापातून त्या मापात न्यायची सोय त्या लायब्ररीत नव्हती, ती मी घालतेय. कंप्युटरकडून उत्तर आलं तरी ते बरोबर आहे हे कशावरून? म्हणून मला मामाची वही हवी होती. त्यानं एकशे एकतीस ओळींचं कोष्टक हातानं भागाकार करून बनवलंय. माझ्या उत्तरांना ताडून बघायला याहून चांगलं काय?

पण मामी, कसं सांगू? मामाचं सगळं चुकलंय.

मिठाची पिवळी रेघ घे, लाटेची लांबी ५८९०. एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग धरायचे, त्यांना ५८९०नं भागलं की १६,९७८ लाटा येतात. मामानं लिहिलंय १६,९७३. पाच कमी. पुढच्या ओळीतही तसंच. कुठे चार कमी, कुठे पाच, कुठे सहा. एकही ओळ जुळत नाही. बिचाऱ्यानं एवढे भागाकार केले आणि सुरुवातीलाच काहीतरी धरायचं राहून गेलं असावं.

तो काम कसं करायचा, ते तुला आठवतं का? कोण बघायचं, कोण लिहायचं? जे आठवेल ते लिही.

तुझी,
प्रणाली


वलगाव
२७ नोव्हेंबर २०२४

चि. प्रणाली,

वा वं मास्तरीनबाई! कॉलेजात शिकवते म्हने, अन खाने चार असून तीनच वाचले. तिसऱ्या खान्याच्या डोक्यावर काय लिवेल हाय? "ह". तो "ह" कायचा? हलवायाचा?

आता आयक. माहं लगन झालं तवा आमच्या घरी दान्याचं माप पायली होतं. चार शेराची पायली. माह्या माहेरी, भातकुलीकडे, बी चार शेराची पायली. पन माहेरची पायली मोठी होती अन सासरची लहान. माह्या बापानं पाच पायल्या ज्वारी धाडली त सासूबाईच्या पायलीनं मोजून साडेपाच भरे. म्हनून दाने देता-घेता पयले विचारा लागे, "पायली कोनाची?" ते न विचारता जो मोजे तो भांडे.

तुहा मामा हेच म्हने. उजेड हवेतून जाते तवा थोडा रेंगाळते, म्हनून त्याची लाट हवेत थोडी आखूड होते. आपन घरात मोजतो तो हवेतला आकडा. पुस्तकवाले तरंगसंख्या देते ते बिनहवेची देते. म्हनून भागाकाराच्या आधी हवेचा हिस्सा जोडा लागते. तो "ह" म्हनजे हवा. मले हे रोज जेवताना आयका लागे. तुले कोनी जेवताना सांगतलं नाई, म्हनून तू एम.एस्सी. झाली.

अन काम कसं करत, विचारते त सांगतो. दुपारी खिडक्यायले गोनपाट लावून अंधार करा. ते डोया लावून पाहत अन चक्री फिरवून फिरवून रेघ बरोबर नळीच्या मधातल्या बारीक तारेवर आनत. रेघ बसली का म्हनत, "घे." त्या "घे"वर मी भिंग घेऊन बाजूच्या चक्रीवरचा आकडा वाचो, मोठ्यानं सांगो, अन ते वहीत लिवत.

पयले मी समजली, जवळचं दिसत नाई म्हनून माह्याकडून वाचून घेते. चाळिशी होतीच त्यायले. पन ते नव्हतं. त्यायचा कायदा होता: जो रेघ पाह्यते त्यानं आकडा वाचाचा नाई, अन जो आकडा वाचते त्यानं रेघ पाहाची नाई. म्हने, "पाहनाराले आकडा दिसला का त्याचा हात मनातल्या आकड्याकडे सरकते, पार्वते. तुह्या मनात कोनताच आकडा नाई, म्हनून तू वाच." मी म्हनो, "म्हनजे मी येडी म्हनून मले बसवलं." त म्हने, "नाई. तुह्यावर भरोसा हाय म्हनून."

आता जा, अन तुह्या कंपुटरले विचार, पायली कोनाची.

तुही मामी,
पार्वता


अकोला
६ डिसेंबर २०२४

मामी, मामी,

मी कान धरलेत, इथूनच बघ. हवा मीच विसरले होते. मामाचा तिसरा खाना धरला आणि पुन्हा सगळं चालवलं. एकशे एकतीसच्या एकशे एकतीस ओळी जुळल्या. शेवटच्या आकड्यापर्यंत! मी खुर्चीत बसून रडले. वर्गातली पोरं बघत होती.

आता माझी भर आधी विचारते: हा आकडा हवेतला की पोकळीतला? तसं विचारल्याशिवाय ती उत्तरच देत नाही. तुझ्या सासूबाईंची पायली त्या लायब्ररीत जाऊन बसली, मामी.

तपासणारे गृहस्थ परदेशातले आहेत, वयस्कर. त्यांना वहीच्या पानांचे फोटो पाठवले. त्यांनी लिहिलं, हे कोष्टक नमुना म्हणून लायब्ररीसोबतच ठेवू या, म्हणजे नव्या माणसाला खऱ्या मोजण्या कशा असतात ते दिसेल. खाली नाव: सूर्यभान गावंडे, वलगाव, जिल्हा अमरावती. ज्या माणसाला कॉलेजात कोणी खुर्ची दिली नाही, त्याचं नाव जगभर जाईल.

एकच गोष्ट अडलीय. शेवटची ओळ, एकशे एकतिसावी. "भातकुली, सासरवाडीची विहीर. १४ मे २०११. ६०८३." भागाकार बरोबर आहे. पण मुळात अशी रेघ कशाचीच नाही. बाकी गावांच्या मिठात चुन्याची नारिंगी रेघ ६२२०च्या आसपास येते. इथे तिच्याऐवजी ६०८३. ही मिठाचीही नाही, चुन्याचीही नाही. ते गृहस्थ म्हणतात, एक मोजणी अशी निघाली की बाकीच्या एकशे तीसवर भरवसा कसा ठेवायचा? हिचं कारण द्या, नाहीतर कोष्टक ठेवता येणार नाही.

त्या ओळीपुढे मामानं पेन्सिलीनं लिहिलंय: "तीनदा विचारले." कोणाला विचारलं? आणि त्यानंतर पानं कोरी का आहेत? मामा तर त्यानंतर चार वर्षं होता.

तुझी,
प्रणाली


वलगाव
१४ डिसेंबर २०२४

चि. प्रणाली,

पत्र पावलं.

ते शेवटची ओळ सोडून दे. एकशे तीस कमी हाय काय? पाहिजे त पान फाडून टाक, मी काई म्हनत नाई.

तीनदा विचारलं म्हनजे कॉलेजच्या सायबाले विचारलं असन. ते वही घेऊन कॉलेजात गेलते. इस्त्रीचा सदरा घालून. म्हने, भातकुलीच्या पान्यात काईतरी नवं हाय, पाहा. सायबानं पोरायसमोर एकदा वाचलं अन म्हनलं, "सूर्यभान, तू काचा पुसत होता तेच बरं होतं." पोरं हासले. घरी आले, एक गिलास पानी पेले. मंग थोड्या दिसानं मशीन झाकलेलं दिसलं. मी विचारलं त म्हने, "आता पुरे."

त्यायचे डोळे तवा बरोबर राह्यले नव्हते. मोतीबिंदू होता. त्यानं झालं असन. तुह्या त्या बुढ्याले तसंच सांग.

थंडी लय हाय. माहे हात दुखते, म्हनून थोडंच लिवलं.

पार्वता


अकोला
२ जानेवारी २०२५

प्रिय मामी,

तुझं पत्र इतकं छोटं आलं की मला वाटलं तू आजारी आहेस. नितेशला फोन केला, तो म्हणाला ठणठणीत आहे, पण कोणाची टिंगल करत नाही. मग खरंच काळजी वाटली.

मामाबद्दल विचारून तुला त्रास दिला, माफ कर. पण त्या ओळीचा उलगडा झालाय, म्हणून लिहिते.

रविवारी बडनेऱ्याला उतरले आणि जैनुद्दीन चाचांना शोधलं. मामाचे रेल्वेतले फिटर मित्र, ज्यांनी मामाला त्या ज्योतीचा लोखंडी स्टँड करून दिला होता. आता त्यांना नीट चालता येत नाही, पण आठवण पक्की आहे. म्हणाले, कॉलेजातून मामा परत आला त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यानं त्यांना बोलावून घेतलं. तू तेव्हा माहेरी गेली होतीस. भातकुलीच्या मिठाची पुडी शिल्लक होती. मामानं रेघ तारेवर आणली आणि चाचांना म्हणाला, "तू वाच." चाचांनी वाचलं: ६२२०. मामानं तीनदा करवून घेतलं. तिन्ही वेळा ६२२०. बाकीच्या सगळ्या गावांसारखंच.

चाचा म्हणाले, "तो वो लाइन काट दे ना, सूर्या." मामानं वही मिटली. मग म्हणाला, "नाही. राहू दे." चाचांसमोरच त्यानं मशीन झाकलं. चाचा निघाले तेव्हा दारापर्यंत आला आणि म्हणाला, "पार्वताले यातलं काही सांगू नोको."

मला वाटतं मी समजले. आपली नजर दगा देतेय हे मामाला त्या दिवशी कळलं. मोतीबिंदूत असं होतं, एक दिवस बरा जातो, एक दिवस तार हुकते. चौदा मेला हुकली. आकडा तू वाचला असशील तो बरोबरच, पण रेघच जागेवर नव्हती. आणि तू काळजी करशील म्हणून तुला सांगायचं नाही. स्वतःची चूक त्यानं खोडलीही नाही, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. मामी, किती लोक असं करतील?

म्हणून मी तसंच लिहिलंय. कोष्टक राहणार. त्या ओळीखाली टीप जाईल: "ओळ १३१: निरीक्षकाची चूक. वयोमानाने दृष्टी अधू." तपासणाऱ्या गृहस्थांना ते पटलंय. वीस जानेवारीला नवी आवृत्ती निघते, त्यात मामाचं नाव असेल. काही बदलायचं असलं तर त्याआधी कळव. नंतर ते तसंच राहतं, मागची आवृत्ती कोणी खोडत नाही.

तुझी,
प्रणाली


वलगाव
११ जानेवारी २०२५

चि. प्रणाली,

ते टीप खोड. आधी खोड, मंग पुढचं वाच.

तुहं पत्र येऊन पाच दिवस झाले. रोज उशीखाली घेऊन निजतो अन रोज सकायी कागद घेऊन बसतो. काल पंचफुला म्हने, "काय लिवून राह्यली वं एवढं, इच्छापत्र?" मी तिले म्हनलं, "हो, तुह्या नावानं एक मांजर ठेवून राह्यली." ती हासली. मले बरं वाटलं, का अजून जमते.

तुह्या मामाले मोतीबिंदू कधीच नव्हता. ते मी डिसेंबरात लिवलं ते खोटं. मरेपर्यंत ते रस्त्यावरून जानाऱ्या मानसाले चालीवरून ओयखत. जवळचं वाचाले चष्मा लागे, एवढंच. त्यायची तार कधी हुकली नाई. चौदा मेले बी हुकली नाई.

त्या दिशी मी सकायी माहेराहून आलती. बापाच्या विहिरीचं पानी बाटलीत घेऊन. तुहा मामा लगनाच्या पयल्या वर्सापासून माह्या माहेरच्या पान्याले नावं ठेवे. "भातकुलीच्या पान्यात डाळ बी शिजत नाई अन मानूस बी शिजत नाई, म्हनून तू अशी." हे सारखं. पाव्हन्यासमोर बी. मी बी सोडत नव्हती म्हना. आमचं चालूच राहे ते, त्याच्याशिवाय आमाले जेवन पचत नव्हतं.

तर पानी आटवलं, मीठ काढलं, गोनपाट लावले. त्यायनं ज्योत पेटवली. रेघ बसवली. म्हने, "घे."

आता हे पाय प्रणाली, पुढचं लिवाले लय जड जाते, म्हनून मधात दुसरं सांगतो. त्यायच्या चेहऱ्याचं सांगतो. मी आकडा सांगतला तवा त्यायनं डोया काढला अन माह्याकडे पाह्यलं. "काय? पुन्हा वाच." मी सांगतला. "पार्वते, नीट पाय, भिंग पूस." मी भिंग पुसलं अन तोच सांगतला. तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा बी तोच. ते "तीनदा विचारले" सायबाले नाई वं. मले.

मंग त्यायचं तोंड असं उजळलं का काय सांगू. अंधारात बी दिसलं. म्हने, "तुह्या माहेरी काईतरी हाय. पूर्ण पट्ट्यात कोठी नाई ते तुह्या बापाच्या विहिरीत हाय." अन कधी नाई ते माह्या डोक्यावर हात ठेवला. त्यायनं पन्नास गावं पालथे घातले होते बापा, अन नवं काई सापडलं नव्हतं. मी मनात म्हनलं, सांजी सांगू. सांजी म्हनलं, सकायी सांगू. सकायी ते नवी पेन्सिल घेऊन बसलेले. आठ दिवसानं त्यायनं सदरा इस्त्री कराले टाकला, तवा बी माह्या तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हनलं, "ते सायब लोक, त्यायले कायले दाखवता?" ते म्हने, "तुह्या माहेरचं नाव होते, कावून नाई दाखवाचं?"

सायबानं जे म्हनलं ते तुले लिवलंच. मी इतके वर्सं समजत होती का ते सायबाच्या बोलन्यानं खचले. तेच धरून बसली होती. सायबाले शिव्या देल्ल्या का माहं मन हलकं होये.

आता तू लिवलं का जैनुद्दीनले बसवलं होतं, अन आकडा बरोबर आला. म्हनजे त्यायले तवाच समजलं. रेघ तीच, मशीन तेच, पुडी तीच. बदलला तो फक्त वाचनारा. तू एवढी शिकेल, अन हे तुह्या ध्यानात आलं नाई. का आलं, अन माह्यासाठी लिवलं नाई?

मी माहेराहून आली तवा त्यायनं मले पानी आनून देल्लं. मशीन झाकेल होतं. चार वर्सं जगले नंतर, चार वर्सं. एक बी दिवस "घे" म्हनले नाई. अन एक गोष्ट मले तवा समजली नव्हती, तुह्या पत्रानं समजली. त्या दिसापासून त्यायनं माह्या माहेरच्या पान्याले कधी नाव ठेवलं नाई. मी मुद्दाम काढो, "काय म्हनते भातकुलीचं पानी?" त म्हनत, "चांगलं हाय." मले वाटे, म्हातारे झाले, गंमत सरली. गंमत सरली नव्हती वं. त्यायले माह्याशी गंमत कराची भीती वाटाले लागली होती.

ते ओळ त्यायनं खोडली नाई, कारन खोडली असती त मी विचारलं असतं, कावून खोडली. अन मंग मले सांगा लागलं असतं. त्यायनं मले वाचवलं. अन मी डिसेंबरात त्यायच्या डोळ्यावर घातलं.

म्हनून ते टीप खोड. निरीक्षकाची चूक नाई. वीस तारखेच्या आत हे पत्र पोचन, पोस्टातल्या बाईनं सांगतलं. तुह्या बुढ्याले जे सांगाचं ते सांग, कोष्टक राह्यलं त राह्यलं, गेलं त गेलं, पन त्या मानसाच्या नावाखाली ते वाक्य नोको.

त्या टिपेत माहं नाव टाक. पार्वता सूर्यभान गावंडे, आकडा वाचनारी.

चक्रीवर ६२२० होते. मले साफ दिसले. ६०८३ हा मी सकायी ज्या यष्टीत बसून आली तिचा नंबर. मी त्यायले खोटं सांगतलं, तीनदा.